बारा वर्षं सांभाळून घेतलं

७ ऑक्टोबर, रात्रीचे साडेअकरा

आज मामा कामावर परत आले. पहिल्या पाळीला, सातला दहा कमी असताना अंगठा लावायच्या मशीनसमोर उभे होते. अंगठा लागेना. दोनदा मशीन ओरडलं. मागं सात-आठ पोरं रांगेत उभी होती, एकानंही घाई केली नाही. मामांनी अंगठा पँटला पुसला, पुन्हा ठेवला, आणि लागला. माझ्याकडं न बघता ते आत गेले. मी टाइम ऑफिसच्या खिडकीत होतो. हातातला चहा तसाच गार झाला.

४१ दिवसांनी आले ते. घरी आल्यापासून डोक्यात तेच घोळतंय, झोप येत नाही, म्हणून सगळं लिहून ठेवतो.

मामा आमच्या प्रेस शॉपचे डाय सेटर, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा (डाय) प्रेसवर बसवणारे. वय ५१. नात्यानं कुणाचेच मामा नाहीत, पण मालकांपासून हेल्परपर्यंत सगळे मामाच म्हणतात. आमचं युनिट साताऱ्याच्या एमआयडीसीत, पत्र्याचे पार्ट काढतो. दीडशे टनाच्या प्रेसवर नवी डाय चढवायला दुसऱ्या माणसाला दोन-अडीच तास लागतात, मामांचं काम पाऊण तासात होतं. पहिला पीस निघाला की कडेवरून नख फिरवतात आणि डोळे मिटून सांगतात, "उजवीकडं केसभर घे." मी १२ वर्षांपूर्वी सुपरवायझर झालो तेव्हा प्रेसची भीती माझ्या मनातून त्यांनीच घालवली.

हे आधी लिहिलं, कारण त्यांच्या हातातल्या या गुणामुळंच त्यांचं पिणं आम्ही सगळ्यांनी पोटात घातलं.

सकाळी सातला त्यांचे हात थरथरायचे. स्पॅनर बोल्टवर बसवताना टकटक वाजायचा. चहा कपानं पीत नसत. बशीत ओतायचे, बशी वर्कबेंचवर ठेवायचे आणि वाकून तोंड लावायचे. "सवय हाय माजी," म्हणायचे. साडेनऊच्या सुमाराला स्क्रॅप यार्डाकडं एक फेरी व्हायची. परत आले की तोंडाला वेलदोड्याचा वास आणि हात एकदम स्थिर. मग दुपारपर्यंत सोन्यासारखं काम. माझा जीव भांड्यात पडायचा. मामा आता लायनीवर आले, आजचं प्रॉडक्शन निघणार, एवढंच मी बघत होतो.

ते काय होतं ते डॉक्टरांनी मला ऑगस्टमध्ये समजावून सांगितलं. रोज पिणाऱ्याच्या मेंदूला दारूची सवय झालेली असते. रक्तातली दारू उतरायला लागली की मेंदू बिथरतो, त्याची ती थरथर. साडेनऊचा घोट तिला गप करतो. म्हणजे मामांचे हात स्थिर झाले म्हणून मी ज्या वेळी सुटकेचा श्वास सोडत होतो, तीच वेळ आजार हाडीमाशी खिळल्याची खूण होती. रोज माझ्या डोळ्यांसमोर.

दुसरा एक हिशोब त्यांनी कागदावर मांडून दाखवला. शरीर साधारण तासाला ३० मिली व्हिस्की, म्हणजे एक छोटा पेग, एवढीच दारू संपवतं. लिंबू पिळा, ताक प्या, गार पाण्यानं अंघोळ करा, त्याचा वेग वाढत नाही. क्वार्टर म्हणजे १८० मिली, सहा पेग. रात्री नऊला बसलेला माणूस दोन क्वार्टर प्यायला तर ती पूर्ण उतरायला सकाळचे नऊ वाजतात. तो अंघोळ करून, कपाळाला गंध लावून, सातला गेटवर आला तरी रक्तात शिल्लक असतेच. गाडी चालवणाऱ्याला १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर दारू सापडली की गुन्हा लागतो. आमच्या शॉपमध्ये दीडशे टनाच्या प्रेससमोर उभं राहणाऱ्याला कुणी कधी काही विचारलं नव्हतं.

विचारणारा मीच होतो. ते माझं काम होतं.

मी काय केलं तर सोमवारची दांडी रजेत बसवली. पगाराच्या दुसऱ्या दिवसाची दांडी 'पोट बिघडलं' म्हणून मांडली. दुपारी जेवणानंतर मामा डुलायला लागले की त्यांना टूल रूमच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये झोपवायचं आणि त्यांच्या प्रेसवर दुसऱ्याला उभं करायचं, ही आमची ठरलेली पद्धत होती. कुणी कुणाला सांगायची गरज नसायची. नवीन पोरगा आला की आठवड्यात शिकायचा. "आजच्या दिवस सांभाळून घ्या साहेब," असं मामा वर्षातून दोन-तीनदाच म्हणाले असतील. बाकीचे दिवस न मागता सांभाळले.

आणि दारू फक्त मामांच्या खिशातून कंपनीत आली असंही नाही. मार्चअखेरीला ऑर्डर तुंबते. डबल ड्यूटी करायला माणसं कुरकुरतात. मग कुणीतरी हळूच म्हणतं, "संपल्यावर बसू." पार्टीचे पैसे ठेकेदार देतो, कधी ऑफिसातून येतात, कागदावर चहा-नाष्टा म्हणून लागतात. खंडेनवमीला मशिनींना हळदकुंकू वाहायचं, झेंडूची तोरणं बांधायची, नारळ फोडायचा, पेढे वाटायचे, आणि संध्याकाळी कुठल्या तरी ढाब्यावर तीस माणसांचं बसणं. चार वर्षांपूर्वी एका मार्चमध्ये सोळा तास उभ्या राहिलेल्या मामांच्या हातात मी स्वतः बाटली ठेवलीय. शाबासकी म्हणून. ते दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावून म्हणाले होते, "साहेबांनी दिली."

हे वाक्य लिहिताना आत्ताही पोटात कालवतंय.

ऑगस्टमधली ती दुपार. श्रावणातला सोमवार, बाहेर धो धो पाऊस, पत्र्यावर एवढा आवाज की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. आमच्याकडं दोन जुने पिन क्लचचे प्रेस आहेत. या प्रेसची मोटार बंद केली तरी फ्लायव्हील, म्हणजे तिचं जड चाक, बराच वेळ फिरत राहतं. ते फिरत असताना पायाचं पॅडल दाबलं गेलं की रॅम, म्हणजे प्रेसचा वरून दाबणारा भाग, एकदा पूर्ण खाली येऊन वर जातोच, मध्ये थांबवता येत नाही. म्हणून डायला हात लावण्याआधी चाक पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं आणि वरच्या-खालच्या डायमध्ये सेफ्टी ब्लॉक ठेवायचा. पोरांना हे मामाच शिकवतात. "चाक थांबल्याबिगर हात घालशील तर बोटं इथंच ठेवून जाशील," हे त्यांचंच बोलणं.

त्या दुपारी त्यांनी मोटार बंद केली. चाक फिरत होतं. ब्लॉक बाजूच्या टेबलावर होता. हेल्परला म्हणाले, "डायमदला चुरा काढ." पोरगा ठेकेदाराकडचा, पाटण तालुक्यातला, २२ वर्षांचा. त्यानं हात घातला. मामा बाजूला सरकताना झोक गेला आणि पाय पॅडलवर पडला.

मी दहा-बारा फुटांवर होतो. रॅम खाली गेला तो आवाज नेहमीचाच होता, दिवसातून हजार वेळा ऐकतो तो. पोरगा मागं फेकल्यासारखा पडला. मी धावलो तेव्हा तो आपला उजवा हात डाव्या हातात धरून त्याकडं बघत होता. पाचही बोटं होती. त्याच्या मापाचे हातमोजे स्टोअरला नव्हते म्हणून मोठ्या मापाचे दिले होते. ढिला होता म्हणून हात निसटला, मोजा आत राहिला.

मोजा मीच बाहेर काढला. पांढरा सुती मोजा. मधली दोन बोटं पापडासारखी चपटी झालेली, त्यांच्यावर डायच्या भोकांची नक्षी उठलेली. बाकीची तीन बोटं फुगलेली, हात आत असल्यासारखी.

संध्याकाळी मी वही काढली. अपघात टळला तरी त्यात लिहायचं असतं. मी तारीख घातली, वेळ घातली, आणि कारणाच्या रकान्यात पेन टेकवलं तेव्हा माझ्या मनात आपोआप जे शब्द आले ते होते, 'हेल्परने चालू प्रेसमध्ये हात घातला.' लिहिणारच होतो. तेवढ्यात तो पोरगा दारात आला. हात अजून थरथरत होते त्याचे. म्हणाला, "साहेब, मामांचं नाव नका लिहू. मीच हात घातला असं लिहा."

मी त्याच्याकडं बघत राहिलो. दोन महिने झाले होते त्याला कामाला लागून. दोन महिन्यांत आम्ही त्याला काय शिकवलं होतं तर हे. बोटं जाता जाता वाचली तरी त्याला पहिली काळजी मामांवर पांघरूण घालायची. बारा वर्षांत मी जे जे केलं ते सगळं त्या पोराच्या तोंडून माझ्यासमोर उभं राहिलं.

मी खरं लिहिलं. वही घेऊन प्लांट हेडकडं गेलो. मामा माझ्याशी तीन आठवडे बोलले नाहीत. पहिल्या दिवशी फक्त एवढंच म्हणाले, "तुमाला मी मशीन शिकवलं."

वरचं पहिलं उत्तर अपेक्षेप्रमाणं आलं, गेट बंद करा. कामावर नशेत असणं म्हणजे गैरवर्तन, नोटीस, चौकशी, विषय संपला. नियम तसा आहे आणि तो असायलाच हवा. पण मग मी विचारलं की या माणसाची साखर वाढली असती, मशीनवर चक्कर आली असती, तर आपण काय केलं असतं? त्या रात्री मी मोबाइलवर बसून वाचत राहिलो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९९६ मध्ये कामाच्या ठिकाणच्या दारू आणि नशेबद्दल नियमावली काढलीय. तिचं म्हणणं असं की याकडं आजारपण म्हणून बघा, माहिती गुप्त ठेवा, उपचार घ्यायला तयार असणाऱ्याची नोकरी उपचाराच्या काळात टिकवा. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही दारू आणि नशेतून होणाऱ्या मानसिक स्थिती आजारात धरल्यात. दुसरीकडं १९२३ च्या भरपाईच्या कायद्यापासून चालत आलेला नियम सांगतो की कामगार नशेत होता म्हणूनच इजा झाली, तर मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व सोडून बाकीच्या इजांची भरपाई मालकाला लागत नाही. म्हणजे आम्ही मामांचं पिणं झाकत होतो, आणि उद्या त्यांचीच बोटं गेली असती तर हातात काय पडलं असतं? ईएसआयचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं, संरक्षण नसलेल्या माणसाचं तर सगळंच गेलं. हे मी दुसऱ्या दिवशी वर सांगितलं. माझा आवाज चढला होता. शेवटी ठरलं की बिनपगारी रजा, उपचार पूर्ण केल्याचा कागद आणि तीन महिने प्रेसपासून लांब. नोकरी राहील.

मामींना सांगायला मी कोडोलीला त्यांच्या घरी गेलो. मला वाटलं होतं त्या रडतील, भांडतील. त्यांनी पाणी दिलं, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुमी रजा मांडत होता, पगार बी येत होता. मला वाटायचं कंपनीला हे चालतंय. मग मी एकटीनं काय म्हणून भांडायचं?"

यावर मला काहीच बोलता आलं नाही.

मग त्यांनी गेल्या वर्षीचं सांगितलं, जे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. लोणंदला माउलींची पालखी आली तेव्हा मामांनी गळ्यात माळ घातली आणि त्या दिवसापासून दारू एकदम बंद केली. दुसऱ्या दिवशी घाम, थरथर, अन्न नको. त्या रात्री फिट आली. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या चढतायत म्हणून पायताण घेऊन उभे. शेजारच्यांनी ठरवलं की माळ सोसली नाही, काहीतरी चुकलं असेल. सकाळी मामांनीच थोडी घेतली आणि सगळं थांबलं. माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली. तेव्हापासून हा माणूस आपल्या हातून देवाचा अपराध झाला म्हणून आतून खचलेला.

डॉक्टरांनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहराच बदलला. म्हणाले, रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम सोडणं जिवावर बेतू शकतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येते, दोन ते चार दिवसांत भास, ताप, बडबड सुरू होते, आणि वेळेवर औषध नाही मिळालं तर माणूस जातो. म्हणून पहिले दिवस डॉक्टरांच्या नजरेखालीच काढावे लागतात, झोपेची आणि फिट थांबवणारी औषधं मोजून द्यावी लागतात, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं द्यावी लागतात. मामांच्या भक्तीत कमी नव्हती. त्यांच्या गळ्यात माळ होती, तिच्या जोडीला दवाखाना हवा होता, आणि ते सांगणारं कुणी शेजारी नव्हतं. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्र आहे. पुण्यात डॉ. अनिता अवचटांचं मुक्तांगण १९८६ पासून आहे. १४४१६ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन केला तर मराठीत बोलणारं माणूस भेटतं. व्यसनासाठीची १४४४६ ही वेगळी हेल्पलाइनही आहे. हे मला माहीत होतं का? नावं ऐकून माहीत होती. मामांसाठी म्हणून ती मनात आलीच नाहीत. २०१९ मध्ये देशभराच्या पाहणीचा अहवाल आला होता. त्यात होतं की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच काहीतरी उपचार मिळतात. त्या बाकीच्या ३७ जणांच्या आजूबाजूला माझ्यासारखे किती सुपरवायझर असतील.

एक गोष्ट लिहायची टाळत होतो.

तीन वर्षांपूर्वी ठेकेदाराकडचा एक पोरगा होता. नाइटला असायचा, पहाटे पेंगायचा. संडासामागं खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या सापडल्या, कोडीनवाल्या. कोडीन अफूच्याच जातीचं, अंगाला लागलं की सुटता सुटत नाही. त्यानं कबूल केलं. म्हणाला, सलग नाइट करून अंग दुखतं, एकानं दिलं, मग लागलंच. मी त्याच पहाटे त्याचं कार्ड काढून घेतलं आणि ठेकेदाराला फोन केला की उद्यापासून दुसरा पाठव. तो गेटबाहेर बॅग घेऊन बसची वाट बघत उभा होता, ते मी गाडीवरून जाताना पाहिलं. थांबलो नाही. तो कुठं गेला, त्याचं काय झालं, आमच्यातल्या कुणीही विचारलं नाही. मामांना बारा वर्षं झाकलं आणि त्याला बारा मिनिटांत काढलं. कारण त्याच्या हातात केसभर उजवीकडं सरकवायची कला नव्हती. उपचार दोघांतल्या कुणालाच मिळाले नाहीत. मी त्याचा जुना नंबर गेल्या महिन्यात शोधून लावून बघितला. बंद आहे. ठेकेदाराकडं गावाचा पत्ता मागितलाय. दसऱ्यानंतर जाऊन येणार आहे.

दसऱ्याचं अजून मिटलेलं नाही. या वेळी पूजा, पेढे, जेवण, सगळं करू, पण बसायचं नाही, असं मी मीटिंगमध्ये म्हणालो. दोघं-तिघं उठून गेले. एक जण म्हणाला, "एकासाठी सगळ्यांनी का?" त्याला मी सांगितलं की एकच आहे असं तुला कुणी सांगितलं. तो गप्प झाला. पुढं काय होईल माहीत नाही. मी जाणार नाही आणि वर्गणीही देणार नाही, एवढं नक्की.

आज मामा टूल रूमला बसले. पंच घासायचं काम. हात थोडे थरथरत होते, पण ही थरथर वेगळी, सगळ्यांच्या नजरा अंगावर असल्याची. दहाच्या चहाला तो पाटणचा पोरगा आपला कप घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसला. दोघं काही बोलले नाहीत. मामांनी चहा कपानंच प्यायला, दोन्ही हातांनी धरून. पोरगा उठल्यावर मामांनी त्याचा उजवा हात धरला, उलटा-सुलटा करून बघितला आणि सोडला.

दीडच्या सुमाराला मोबाइल वाजायला लागले. पगार जमा झाला. सात तारीख. शॉपमध्ये एकदम वेगळीच हवा येते त्या वेळी, सगळ्यांना कळते. मामांचाही फोन वाजला. त्यांनी बघितला आणि उलटा करून ठेवला. एटीएम कार्ड मामींकडं आहे, त्यांनीच दिलंय.

तीनला पाळी सुटली. मी गाडी काढत होतो तेव्हा मामा जवळ आले. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी सोडायला सांगितलं नाही. "घरापातूर येता का?" म्हणाले. मी म्हटलं, बसा. गाडी गेटबाहेर काढून मी नेहमीच्या रस्त्याला वळवली तर मागून माझ्या खांद्यावर हात पडला.

"हिकडनं नको. मागल्या शेताच्या वाटेनं घ्या."

हमरस्त्यावर त्यांच्या घरापर्यंत तीन दुकानं आहेत. मी कधी मोजली नव्हती. मागची वाट दीड-दोन किलोमीटर जास्त, सगळा चिखल, दोनदा मला पाय टेकवावा लागला. मामा एक शब्द बोलले नाहीत. खांद्यावरचा हात घरापर्यंत तसाच होता. मामी ओट्यावर उभ्या होत्या. आम्ही भलत्याच बाजूनं आलो म्हणून त्यांनी वळून बघितलं, आणि मग आमचे चिखलानं भरलेले पाय बघून पाण्याची बादली आणायला आत गेल्या.

सहाला त्यांची दारू सोडणाऱ्यांच्या गटाची, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची मीटिंग असते. तिथं मीही सोबत गेलो होतो, दाराबाहेर थांबलो. 'फक्त आजचा दिवस' म्हणतात ते तिथं. मामा बाहेर आले तेव्हा आठ वाजत आले होते.

उद्याही पहिली पाळी आहे. साडेसहाला त्यांच्या दारात जाणार आहे, मागच्या वाटेनंच.